पहिला घोट बाबांचा

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे घडलं तेव्हा मी तिथे होते, आणि पूर्ण शुद्धीवर होते.

वेल्समध्ये, बालाच्या वरच्या डोंगरात आमची छोटी व्हिस्कीची भट्टी आहे. गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख. दुपारचे तीन. चक्क ऊन पडलं होतं.

पहिलं पिंप माझ्या बाबांनी स्वतः भरलेलं. टेकविन त्यांचं नाव. दारूला शिवणार नाही, अशी लहानपणी चॅपलमध्ये आजीसमोर शपथ घेतलेली, ती त्यांनी जन्मभर पाळली.

तीन वर्षं पिंपात मुरल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणता येत नाही. दोन वर्षांतच बाबा गेले.

जाताना म्हणाले, "लुनेद, मेल्यावर शपथ सुटते. पहिला घोट माझा. माझ्या थडग्यावर ओत. माझ्याआधी कुणी नाही हं!"

रोज सकाळी मी हातोडीने पिंप वाजवून बघायचे. भरलेलं पिंप 'धब्' वाजतं. गळून रिकामं झालं, की घुमतं.

त्या दिवशी तीन वर्षं पुरी झाली. दुपारी बूच काढायला एमलिनकाका आले. आमची सगळी पिंपं तेच बनवतात.

"वाजव गं एकदा."

मी बाबांसारखंच वाजवलं. दोनदा... मग थांबून एकदा.

धब्. भरलेलं.

"तुझा बाप भारी हट्टी! थेंब गळू दिला नाही बघ," काका हसत म्हणाले. मी हातोडी त्यांच्या हातात दिली.

आणि मग...

आतून आवाज आला.

ठक ठक...

ठक.

"तू वाजवलंस?"

"हातोडी तुमच्याकडे आहे, काका."

त्यांनी घाईघाईने बूच काढलं. मोजायची काठी आत घातली. बाहेर आली ती...

कोरडी. टोकापर्यंत कोरडी.

खाली फरशी सुकी. फळ्यांना कुठे ओल नाही.

"लुनेद, खरं सांग. हे कुणी उघडलं होतं?"

मला रडूच फुटलं. "मी. दहा दिवसांपूर्वी. चमचाभरच घेतली हो... कशी झालीय ते बघायला."

"टेकविनच्या आधी?"

मी मान खाली घातली.

काकांनी टोपी काढली. "मग उरलेली त्याने नेली, पोरी." बूच ठोकून ते निघून गेले. ते परत आलेले नाहीत.

पिंप तिथेच आहे. रिकामं पिंप घुमायला हवं ना?

अजून 'धब्'च वाजतं. उघडून बघायची माझी हिंमत नाही.

रोज सकाळी म्हणते, "चुकले, बाबा." मग वाजवते, आणि कान लावून उभी राहते.

ठक ठक... आतून येतं.

तिसरं 'ठक' काही येत नाही.