उत्तराची शीळ

मास्तर त्या दिवशी उजाडताच सायकल काढून वनखात्याच्या कचेरीत निघाला. जाताना त्याने धाकट्या बहिणीला कामं सांगितली. होडीच्या बुडाला डांबर लावलंय ते वाळलं का बघ, दुर्बिणी पुसून ठेव, पाहुणे आलेल्या आजी-आजोबांना पश्चिमेकडून फिरवून आण.

"आणि उत्तरेच्या बेटाकडे फिरकायचं नाही," तो म्हणाला. "पिल्लं उडून जाईपर्यंत कुणालाच न्यायचं नाही. अगदी राजा आला तरी."

"अरे हो, किती वेळा सांगशील?" धाकटी म्हणाली. तिला सगळे धाकटीच म्हणत; वहिनीसुद्धा.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. तो त्या पाणथळीत पर्यटकांना पक्षी दाखवायचा. पण दाखवता दाखवता एवढं शिकवायचा, की नाव पडलं ते पडलंच. एकदा एका पाहुण्याला पाणमांजराच्या बिळाजवळ शिंक आली, तेव्हा मास्तरने नाक दाबून ती परत आत घालायला लावली, असं वहिनी हसून सांगायची. घरट्याजवळ ओठ शिवायचे, हा त्याचा पहिला नियम. आणि दुसरा धुक्याचा. त्या लव्हाळ्यांत मोबाइल चालत नसे. धुकं उतरलं आणि वाट चुकली, की दोन लांब आणि एक आखूड अशी शीळ घालायची. ती ज्याच्या कानावर पडेल त्याने एक लांब, खाली उतरत जाणारी शीळ घालून उत्तर द्यायचं, आणि माणूस आवाजाच्या रोखाने येऊन पोचेपर्यंत देत राहायचं. दोन्ही नियम धाकटीला त्यानेच शिकवले होते, बोटं तोंडात कशी धरायची इथपासून.

त्या वर्षी उत्तरेच्या बेटावर लाजऱ्या तपकिरी बगळ्याने घरटं केलं होतं. कितीतरी वर्षांनी. मान उंच करून उभा राहिला की लव्हाळा कुठला आणि पक्षी कुठला ते कळत नाही, असा तो पक्षी. मास्तर महिनाभर तहानभूक विसरून त्या घरट्याची राखण करत होता. विणीच्या दिवसांत तो सगळा भाग बंद करावा म्हणून तो कचेरीचे उंबरे झिजवत होता, आणि आजही त्याच कामासाठी गेला होता.

आजोबा त्या बगळ्यासाठी तिसऱ्यांदा आले होते. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. होडीत बसताना आजींनी धाकटीला हळूच सांगितलं, "पुढच्या वर्षी यांना काही दिसेलसं वाटत नाही, पोरी."

धाकटीने होडी पश्चिमेकडे वळवली. थोडं अंतर गेल्यावर वल्हं पाण्यात तसंच धरून ती थांबली. तिला आजोबांची दया आली, हे खरं. पण दादाने जे कुणाला दाखवलं नाही ते आपण दाखवावं, असंही तिच्या मनात आलं, आणि हेही तितकंच खरं. तिने होडीचं नाक उत्तरेकडे वळवलं.

बगळा दिसला. अगदी जवळून. पायाशी तीन पिल्लं, पिवळट कापसाचे बोळे असावेत तशी. आजोबा दुर्बीण लावून बघत राहिले. त्यांनी ती डोळ्यांवरून काढली तेव्हा गाल ओले होते, आणि धाकटीला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

तेवढ्यात धुकं उतरलं. आधी बेटाचं टोक गेलं, मग लव्हाळी, मग होडीचं नाकसुद्धा दिसेना. कुजलेल्या पाल्याचा आणि गार चिखलाचा वास पाण्यावर बसला. आणि त्या पांढऱ्यात कुठूनशी शीळ आली. दोन लांब, एक आखूड.

दादाची शीळ धाकटीने हजारांत ओळखली असती. दुसरी लांब शीळ मध्येच किंचित फाटायची. इतक्यात परत आला? मग धक्क्यावर होडी नाही, पश्चिमेलाही नाही, हे त्याला कळलं असणार. आपल्याला पकडायलाच निघालाय; वाट चुकल्याची शीळ हा नुसता सापळा. आता उत्तर दिलं, तर आवाज कुठून येतोय ते त्याला तत्काळ कळेल.

"कुणी बोलावतंय का?" आजोबांनी कुजबुजत विचारलं.

"नाही... पक्षी आहे," ती म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवलं. घरट्याजवळ ओठ शिवायचे. नियम त्याचाच होता.

शीळ पुन्हा आली, जरा घाईची. मग बराच वेळ काही नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा दोन लांब ऐकू आल्या आणि आखूड आलीच नाही. धाकटी कान देऊन वाट पाहत राहिली. पाण्याचा एक बुडबुडा कुठेतरी फुटला. तिने तोंडातून ब्र काढला नाही.

धुकं विरल्यावर ती लांबून वळसा घालून, पश्चिमेकडूनच आल्यासारखी धक्क्याला लागली. वहिनी पायरीवर उभी होती.

"हे भेटले नाहीत का तुला?" तिने विचारलं. "साहेब नाहीत असं कळलं म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. धुकं दिसलं तशी छोटी होडी घेऊन तुलाच शोधायला गेले. म्हणाले, ती घाबरली असेल."

दुसऱ्या दिवशी मास्तर सापडला. उत्तरेच्या बेटामागे गाळ फार खोल आहे. छोटी होडी तिथे उलटली होती. लोकांनी विचारलं तेव्हा धाकटीने सांगितलं, "आम्ही पश्चिमेला होतो. काही ऐकू आलं नाही." आजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच दुपारी ते दोघं निघून गेले.

मास्तरच्या मरणाने मात्र त्याचं काम झालं. खात्याने उत्तरेचा सगळा भाग विणीसाठी बंद केला आणि काठावर त्याच्या नावाची पाटी लावली. "माणूस गेला, पण बगळे वाचवून गेला," असं लोक म्हणायचे. धाकटी मान हलवायची. पिल्लं उडाली, तेव्हा तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. ती आता पाहुण्यांना त्याच्याच शब्दांत सगळं शिकवायची, त्याच्यापेक्षा कडक झाली होती. लोक कौतुक करायचे, आणि कौतुक सुरू झालं की ती दुर्बिणी पुसायला घ्यायची.

पुढच्या वर्षी धुक्याचे दिवस आले. पहिल्याच धुक्याच्या सकाळी ती चार जणांना घेऊन पाण्यावर असताना उत्तरेकडून शीळ आली. दोन लांब, एक आखूड. दुसरी मध्येच फाटलेली.

तिला वाटलं, आपल्याच कानात वाजलं. चोराच्या मनात चांदणं. पण होडीतला एक जाड चष्म्याचा डॉक्टर ताठ बसला होता. "हा कुठला पक्षी?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं पक्षी बघतोय, असा आवाज ऐकला नाही."

"पाणलावा असेल," ती म्हणाली.

"पाणलावा असा ओरडत नाही."

"इथला ओरडतो."

मग जेव्हा जेव्हा धुकं पडे, तेव्हा तेव्हा शीळ येई. पाहुण्यांना ऐकू यायची, धक्क्यावरच्या कुत्र्याला ऐकू यायची. ते शेपूट पायात घालून पायरीखाली शिरायचं. धाकटी काहीतरी पक्ष्याचं नाव सांगून वेळ मारून न्यायची. रोज एक नवं नाव, नवी थाप. आणि शीळ उत्तराची वाट बघत थांबायची, तेवढ्या वेळात होडीत कुणी श्वास घेतला तरी तिला नको वाटायचं.

एका संध्याकाळी ती भांडी विसळत असताना वहिनी मागे येऊन उभी राहिली. त्या वर्षभरात वहिनी फार बोलत नसे. पाहुण्यांचा स्वयंपाक करायची आणि काम आटोपलं की धक्क्यावर जाऊन बसायची.

"तुला ऐकू येतं ना?" वहिनीने विचारलं.

"काय?"

"मला शीळ घालता येत नाही गं," वहिनी म्हणाली. "खूप प्रयत्न केला. नुसती हवा जाते. तू घाल ना एकदा... किती दिवस झाले, वाट सापडत नाहीये त्यांना."

धाकटीच्या हातातलं ताट पाण्यात पडलं. ती म्हणाली, "वहिनी, तो पक्षी आहे." वहिनी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पाण्यातलं ताट काढलं आणि पुसून जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलतानाच धुकं आलं. पाहुणे नव्हते. धाकटीने होडी सोडली आणि एकटीच उत्तरेला निघाली. पाटीजवळून जाताना तिने वर पाहिलं नाही. बेटाजवळ येऊन तिने वल्हं आत घेतलं. लव्हाळी निश्चल उभी होती. धुक्याने भिजलेल्या आपल्याच कपड्यांतून पाणी टपकल्याचा आवाज यावा, इतकी शांतता.

शीळ आली. अगदी जवळून.

तिने बोटं तोंडात घातली. ओठ कोरडे पडले होते; पहिल्यांदा नुसती हवा गेली, वहिनीसारखी. मग आवाज फुटला. एक लांब, खाली उतरत जाणारी.

समोरची शीळ थांबली. थोड्या वेळाने वल्हं पाण्यात पडावं तसा चुबुक आवाज झाला. मग आणखी जवळ. मग काहीच नाही... आणि होडी एका बाजूला कलली, कुणी काठावर हात टेकून चढावं तशी. मागची बाजू खाली गेली. गाळाचा वास एवढा दाटला की तिला उमासा आला.

तिने मागे पाहिलं नाही. तिने वल्हं उचललं आणि होडी घराकडे वळवली. होडी जड झाली होती, खांदे भरून येत होते, तरी थोड्या थोड्या अंतरावर ती उत्तराची शीळ घालत राहिली. माणूस पोचेपर्यंत देत राहायचं असतं. मधल्या शांततेत ती बोलली.

"दादा, मी ऐकलं होतं... तिन्ही वेळा ऐकलं. तू रागावशील म्हणून गप्प बसले. मला वाटलं, तू मला पकडायला आलायस."

मागे पाणी तेवढं टपकत होतं, होडीच्या आत.

धक्क्यावर वहिनी कंदील घेऊन उभी होती. होडी टेकली तेव्हा तिने धाकटीकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"आलात," ती म्हणाली.

वहिनी धाकटीला कधी अहो-जाहो करत नसे.

होडी हलली, हलकी झाली आणि वर आली. वहिनीने कंदील बाजूला धरला आणि वाट देण्यासाठी पायरीच्या कडेला सरकली. कुत्रं केव्हाच पळालं होतं. धाकटी कशीबशी उतरली.

"वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"उद्या सांग," वहिनी म्हणाली. "आज ते दमलेत." आणि ती आत गेली. तिच्या खोलीचं दार लागलं.

धाकटी बाहेरच्या खोलीत आडवी झाली. भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज येत होता, हलका, मधूनच हसणारा. वर्षभरात ती हसली नव्हती. मधूनच कुणीतरी खाकरत होतं. धाकटीला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आणलं, तिने मनाशी म्हटलं, उशिरा का होईना, घरी आणलं. तिला वर्षातली पहिली गाढ झोप लागली.

सकाळी ती उठली, तर बाहेर पुन्हा धुकं. वहिनीचं दार अजून बंद होतं, आत कुजबुज चालू होती. होडीतलं पाणी उपसायला म्हणून धाकटी डबा घेऊन धक्क्यावर गेली. होडीच्या तळाला काळा गाळ साचला होता. ती वाकली, आणि तशीच थांबली.

उत्तरेकडून शीळ आली होती.

लांबून, बेटामागून. दोन लांब, एक आखूड. दुसरी मध्येच फाटलेली, दमलेल्या माणसाने घातल्यासारखी. धाकटीला ती हजारांत ओळखू आली असती. तो तिथेच होता. कालही तिथेच असणार, तिने दुसऱ्या कुणालातरी वाट दाखवत घरी आणलं तेव्हासुद्धा.

शीळ पुन्हा आली, जरा घाईची.

तिने डबा खाली ठेवला. बोटं ओठांपाशी नेली, श्वास भरून घेतला. मागे घराचं दार करकरलं आणि बोटभर उघडलं. गाळाचा वास धक्क्यापर्यंत आला. फटीतून वहिनीचा आवाज आला, शांत, समजुतीचा.

"धाकटे, हे म्हणतायत, उत्तर देऊ नकोस."