हिरव्या दोऱ्याचा स्पीकर

"संध्याकाळपर्यंत घर सोडायला सांगितलंय बाबांनी," धाकटी म्हणाली आणि रडायलाच लागली.

वहिनींनी तिला पाणी दिलं. खासगी तपास हा वहिनींचा व्यवसाय. सोबतीला त्यांचे दीर, भाऊजी. माणूस लाखमोलाचा, फक्त ट्यूब जरा उशिरा पेटायची.

"बाबांचा जुना स्टिरिओ आहे. बॅगेसारखा उचलता येतो. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर एकातच, आणि झाकणाचे दोन स्पीकर होतात. लहानपणी आम्ही दोघी गायलेली रेकॉर्ड ते रोज ऐकतात. एका स्पीकरमधून ताई, दुसऱ्यातून मी. आज ताईचा आवाजच येईना. बघितलं तर वायर कापलेली! ताई कालच आलीय. दोघंही म्हणतात, मी तिच्यावर जळते."

बाबा शिंपी. आजारपणात डावा कान गेला, तेव्हापासून ते पलंगावरच. कोणता स्पीकर कुणाचा हे कळावं म्हणून त्यांनी कधीकाळी दोरे बांधलेले: थोरलीला लाल, धाकटीला हिरवा. लाल स्पीकर पलंगाच्या डावीकडे होता, हिरवा उजवीकडे. वहिनींनी घरी जाऊन पाहिलं, तर कापली होती हिरव्याची वायर.

"मी हातसुद्धा लावला नाही," थोरली फणकारली. "बाबांच्या चांगल्या कानाशी रोज हीच गाते. मी आपली बहिऱ्या बाजूला!"

खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "महिन्यापूर्वी धाकटी आली होती. म्हणाली, लाल स्पीकर पलंगाच्या पलीकडे न्यायचाय, पण वायर आखूड, पोचत नाही. म्हटलं, दोन्ही स्पीकरच्या पिना एकमेकांच्या भोकांत घाल, आवाजांची अदलाबदल होईल. कशाला हवं होतं ते काही मी विचारलं नाही."

भाऊजी जिन्यातच म्हणाले, "म्हणजे धाकटीच! तिला सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, म्हणूनच ती नव्हे," वहिनी म्हणाल्या.

खोलीत सगळे जमले.

"थोरलीला गप्प करायचं असतं तर धाकटीला कात्री लागलीच नसती," वहिनी म्हणाल्या. "पिना होत्या तशा ठेवायच्या. थोरली बहिऱ्या कानाशीच राहिली असती. पण हिने पिना बदलून मुद्दाम तिला चांगल्या कानाशी, हिरव्या स्पीकरमध्ये आणलं. वायर कापणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याने दोरा पाहिला, हिरवा, आणि धाकटीचा म्हणून कापला. दुकानदाराला माहीत होतं, धाकटीला माहीत होतं. काल आलेली उरली एकच."

थोरलीचा चेहरा पडला.

"हो, मीच!" ती ओरडली. "घर हिचं, बाबा हिचे, आणि रोज कानातही हीच! सकाळी माझाच आवाज बंद झाला तेव्हा वाटलं, कापलेली वायर बघून हिनेच मुद्दाम पिना बदलल्या असतील. जळफळाट झाला माझा, म्हणून हिचंच नाव घेतलं."

बाबांनी हात पुढे केला तो धाकटीकडे. "चुकलो गं मी."

धाकटीने वायर जोडली, रेकॉर्ड लावली. हिरव्या दोऱ्याच्या स्पीकरमधून दहा वर्षांची थोरली गाऊ लागली, जराशी बेसूर.

"तू गेल्यापासून बाबा तुझीच आठवण काढायचे," धाकटी म्हणाली. "महिनाभर त्यांच्या कानाशी तूच होतीस, ताई."