पहिली खूण

"म्याडम, माझं रगत हितंच हाय ना? का दुसऱ्याच्या नळीत गेलं?"

सिद्धेश्वरीनं मान वर केली. सोलापूरच्या त्या मोठ्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत पेशंट सहसा डोकावत नसत. दारात गळ्याला टॉवेल गुंडाळलेला एक तरुण उभा होता. धनाजी, मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. नळीवरचं हे नाव ती सकाळपासून वाचत होती. माणूस आत्ता दिसला… आणि डोळे असे, की आजारी वाटूच नये.

"चुकणार नाही. नळीवर नाव आहे, शिवाय पेशींवर खुणा असतात."

"कसल्या?"

तिनं समजावलं. रक्ताच्या कॅन्सरची रोगट पेशी दिसायला पुष्कळदा निरोगी पेशींसारखीच असते. म्हणून तिच्या पृष्ठभागावरच्या खुणांना चमकणारे रंग चिकटवायचे आणि एकेक पेशी लेझरसमोरून न्यायची. "तुमच्या रोगट पेशींवर स्वतःच्या घराण्याची खूण आहेच, वर परक्या घराण्याचीही, सीडी-सात नावाची."

"म्हंजी चोरीची मेंढी की," तो सहज म्हणाला. "आमी पाठीवर गेरूचा पट्टा वढतो. एका पाठीवर दोन घरचे पट्टे दिसले, की चोरीची."

"मग ती कुणाची ठरते?"

"पयली खूण ज्याची, त्याची."

तीन वर्षं ती लेझरचं हे यंत्र चालवत होती. इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

मग केमो सुरू झाली. केस गेले. "मलाच कातरलं, म्याडम. लोकर कुटं इकली?" दर खेपेला तो दारात यायचा. "चोरीच्या किती घावल्या?" ती आकडा सांगायची. आकडा उतरत गेला, आणि ती त्याच्या पावलांची वाट बघू लागली.

मार्चमध्ये रिपोर्ट कोरा आला. एकही नाही.

त्या दुपारी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत गेरू. मनगट पुढं करून म्हणाला, "लावा तुमची खूण. कुटं हरवलो, तर कुणाचा हाय ते कळाय पायजे की."

तिचं बोट गेरूपर्यंत गेलं… थांबलं.

"एका रिपोर्टवर विसंबायचं नसतं. पुढचाही कोरा येऊ दे— मग लावते."

"लई कडक हाय तुमचं शास्त्र."

"आहेच," ती म्हणाली, पण घरी जाईपर्यंत गाल गरम होते.

एप्रिलमध्ये यंत्राच्या पडद्यावर, त्याच्या रोगट पेशी जिथं दिसायच्या त्याच कोपऱ्यात, ठिपक्यांचा पुंजका उमटला. तिनं उरलेला नमुना पुन्हा लावला. तोच कोपरा, त्याच दोन खुणा.

डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. आता फार काही हातात नव्हतं. तो दारात आला, पण किती घावल्या ते विचारलं नाही.

"गेरू आहे?" तिनं विचारलं. "दे."

तिनं बोट ओलं केलं. त्याच्या मनगटावर, सुयांच्या काळ्यानिळ्या डागांमधून, पट्टा ओढला. वाकडा आला.

त्यानं मनगट उजेडात धरलं. "आता मीबी दोन खुणांचा झालो की. एक रोगाची, एक तुमची."

महिन्यापूर्वी त्याचं अंग कोरं होतं. तेव्हा तो मनगट पुढं करून उभा होता.

"सिद्धेश्वरी," पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली, "पयली कुणाची धरायची?"

तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं. गेरू अजून ओला होता.