पाच गावांत लपवलेलं वर्ष

आमची पहिली भेट टेबलाखाली झाली. अनसिंगच्या सभेत माझा माइक अचानक गप्प झाला. मी वायर बघायला वाकले, साउंडवाला उजैरही त्याच क्षणी वाकला आणि डोक्यावर डोकं आपटलं.

“मशीन मी पाह्यतो मॅडम. तुमी गोष्ट सांगा,” कपाळ चोळत तो हसला.

गोष्ट म्हणजे माझीच. वाशिमच्या एका संस्थेकडून मी गावोगाव जाते आणि शिंप्याची ही जोया कशी शिकली ते सांगते, म्हणजे लोकांनी आपल्या मुलींना शाळेतून काढू नये. त्यानंतरच्या प्रत्येक सभेला साउंड उजैरचाच ठरवला. का, ते विचारू नका!

रिठदला त्याच्या टेम्पोतून जाताना तो म्हणाला, “पाच गावांत ऐकली तुमची गोष्ट. तिच्यात एक वर्ष कमी पडते.”

“तुम्ही वर्षं मोजत बसता?”

“मंग काय करू? तुमच्याकडंच पाह्यत बसलो तर लोक नावं ठेवतीन.”

हसू लपवायला मी खिडकीबाहेर पाहिलं. पण एवढं लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाशी खोटं बोलवेना... दहावीला गणितात नापास झाले होते, ते सांगून टाकलं. ते वर्ष शाळेबाहेर गेलं.

“सभेत कसं सांगू? लोक म्हणतील, हिचं काय ऐकायचं!”

त्यानं टेम्पोचा गिअर बदलला.

रिठदची सभा संपत आली आणि सुकेशनी नावाच्या एका मुलीचे बाबा उठले. ती बाजूलाच मान खाली घालून बसली होती.

“तुमी हुशार व्हत्या मॅडम. माही पोरगी गणितात नापास झाली. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भराची उद्या शेवटची तारीख हाय, पण कायले भरू? रविवारी पावणे येऊन राह्यले तिले पाहाले.”

मी उजैरकडे पाहिलं. माझं गुपित तिथं फक्त त्यालाच माहीत होतं. त्यानं नजर खाली वळवली... बोलायचं की नाही, ते माझ्यावर सोडलं. त्या क्षणी तो मला फार आवडला.

“काका, मीपण नापास झाले होते. गणितातच,” मी म्हणाले. “वर्षभर अब्बांच्या दुकानात बटणं लावली, रोज रडले. मग अम्मीनं पुन्हा फॉर्म भरायला लावला. मला लाज वाटायची, म्हणून हे आजवर लपवलं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुकेशनीनं मात्र मान वर केली. तिचे बाबा तिच्याकडे बघून माझ्याकडे वळले.

“उद्या शाळेत किती वाजता जा लागते?”

“आणि पाहुणे?” मी विचारलं.

“त्यायले फोन करतो.”

सगळे पांगल्यावर उजैर वायर गुंडाळत जवळ आला. “मॅडम... मी अकरावीत नापास झालो अन् शाळा सोडली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीले बसतो.”

“खरंच?”

“पास झालो की तुमच्या अब्बायले भेटाले येईन म्हनतो. चालन?”

“आणि नापास झालात तर?”

“तरी येईन. पुन्हा फॉर्म भरून येईन.”

हातातला माइक मी त्याच्या हातात दिला.

“निकालापर्यंत कशाला थांबता?” मी म्हणाले. “शुक्रवारी या. अब्बा दुपारनंतर घरीच असतात.”