तिसऱ्या टाकीतलं औषध

"शेठ, भंगारात घाला नाहीतर विहिरीत, पण ही ब्याद घेऊन जा," रोझारिओकाका म्हणाले आणि अँजेलिनाचा चेहरा पडला.

कुंदा आणि तिचा भाऊ श्यामकांत दिवाळीच्या सुट्टीत चेंबूरहून मरोळला या मैत्रिणीकडे आले होते. अँजेलिनाच्या पप्पांचा, म्हणजे रोझारिओकाकांचा, जुना ट्रॅक्टर पेट्रोलवर झकास सुरू व्हायचा, तापला की रॉकेलवर चालायचा आणि नांगर जमिनीत घुसला की खडखड करून बंद पडायचा. आज साकीनाक्याचे भंगारवाले चंद्रप्रकाशशेठ तो न्यायला आले होते.

"बैल पप्पांनी आधीच विकलेत," अँजेलिना रडवेली झाली. "आता हा गेला की शेतही जाणार रे."

मोठी माणसं चहाला आत गेली. मुलं ट्रॅक्टरपाशी आली.

"एक पेट्रोलची, एक रॉकेलची. मग ही तिसरी टाकी कसली गं?" श्यामकांतने विचारलं.

"पाण्याची. जुना मालक सांगायचा, नांगरताना इंजिनात थोडं थोडं पाणी सोडा, खडखड थांबते. पप्पा म्हणाले, उद्या हा चुलीत पाणी ओतून भात शिजवा म्हणेल!"

"म्हणून तोटी चिंधीने बांधली होय? आपण पाणी घालून बघू." कुंदाने झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. तिने नाक मुरडलं. "ई, हे पाणी नाही."

अँजेलिनाने वास घेतला. "हे तर पप्पांचं खोकल्याचं औषध. मम्मीने मोरीत ओतलं होतं ना सगळं?"

दारूबंदीच्या त्या दिवसांत काकांना खोकला यायचा तो नेमका संध्याकाळी.

टाकी रिकामी करायला वेळ नव्हता, मंडळी बाहेर येत होती. "यात निम्मं पाणीच असणार," म्हणत श्यामकांतने चिंधी सोडली आणि तोटी फिरवली.

"पप्पा, शेतात नांगराची शेवटची एक फेरी मारा ना," अँजेलिनाने गळ घातली.

काका कुरकुरत चढले. इंजिन तापलं, रॉकेलवर आलं, नांगर जमिनीत घुसला. खडखड नाही! ट्रॅक्टर बांधापर्यंत गेला, वळला आणि तसाच परत आला. अँजेलिना आनंदाने रडायलाच लागली.

"माफ करा शेठ, हा विकायचा नाही," काका म्हणाले. "पोरांनो, केलंत काय?"

"तुमची तिसरी टाकी सोडली, काका."

काकांनी घाईघाईने तोटीला हात घातला. पण इव्हाकाकू, म्हणजे अँजेलिनाची मम्मी, टाकीत डोकावून मोकळ्या झाल्या होत्या.

"तरीच ट्रॅक्टर पुसायची एवढी हौस! या खोकल्यापायी शेत जात होतं. पोरांना अक्कल आहे म्हणून वाचलं."

"चुकलो," काकांनी कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास रे पोरांनो. उद्यापासून यात पाणीच घालीन. पण आता हे उरलेलं?"

"नांगरा," काकू म्हणाल्या. "टाकी रिकामी होईपर्यंत नांगरा."

काका गुपचूप पुन्हा चढले. संध्याकाळपर्यंत अख्खं शेत नांगरून झालं.