पाच अँपिअर

मला हे नीट आठवतं आहे की नाही, याची खात्री नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच अडवलंत तरी मला राग येणार नाही. तो जानेवारी होता की फेब्रुवारी, न्हाणीघर डाव्या हाताला होतं की उजव्या, यावरून मी स्वतःशीच किती वेळा वाद घातला आहे. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदारसुद्धा कसा चुकतो, तेच सांगत आलो. आता या गोष्टीचा साक्षीदार मी. पण तो आवाज मी ऐकला. तेवढं धरून चाला.

लेबनॉनमधलं यादवी युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. बैरूतमध्ये सरकारी वीज यायची तेव्हा यायची. उरलेला वेळ गल्लीतल्या जनरेटरच्या भरवशावर. रास अल-नबा भागातल्या एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आम्ही तिघांनी मिळून घर घेतलं होतं. समोरच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा होत्या, म्हणून भाडं कमी होतं. मी तेव्हा कॉलेजात शिकवायला नुकता लागलो होतो. रशाद औषधं विकत फिरायचा. लेबनॉनच्याच उत्तरेकडच्या त्रिपोलीचा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. तिसरा सर्किस, घड्याळं दुरुस्त करायचा. त्या हिवाळ्याच्या तोंडावर तो न्यूमोनियातून उठला होता, आणि पुन्हा गारठ्यात राहिलास तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरने त्याला बजावलं होतं.

खर्चाची वाटणी सरळ होती. भाडं मी मालकिणीकडे पोचवायचो. पाण्याचा टँकर आणि गॅस सर्किसकडे. जनरेटरचं रशादने आपणहून अंगावर घेतलं, कारण जनरेटरवाल्या अबू तौफीकचं दुकान त्याच्या वाटेवर पडायचं. महिन्याच्या सुरुवातीला आम्ही आपापला वाटा त्याच्या हातात ठेवायचो. "पाच अँपिअर, बादशाही कारभार," तो म्हणायचा.

पाच अँपिअरमध्ये कारभार कसला होणार? दोन दिवे आणि फ्रीज चालायचा. त्यावर गीझर किंवा सर्किसची विजेची शेगडी, दोन्हींपैकी एकच. दोन्ही लावली की दाराजवळचा खटका पडायचा आणि घर अंधारात. म्हणून सगळ्या शहराने पाळलेला नियम आम्हीही पाळत होतो. काही लावायच्या आधी असाल तिथून ओरडून विचारायचं, "लावू का?" बाकीच्यांनी सांगायचं, "लाव", नाहीतर "थांब". थांब म्हटलं की थांबायचं. कोण म्हणालं ते कुणी बघायला जात नसे. आवाज घरातला, माणसं घरातली, बघायचं काय?

हिवाळा चढला तसा तो 'थांब' वाढला. खटकाही वरचेवर पडू लागला. एका सकाळी रशाद अंगाला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आला. सर्किस कॉफी उकळत होता.

"शेठ, आज तरी आंघोळ करू द्याल? की अजून पाय शेकायचेत?"

"मी कुठे अडवलं?" सर्किस म्हणाला.

"मग थांब थांब कोण करतं? माझी आजी?"

"मला वाटायचं, तूच म्हणतोस."

"मी टॉवेलमध्ये कुडकुडत स्वतःलाच थांब म्हणतो का?" रशादने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हा चोरून शेगडी लावतो. खटका उगाच पडत नाही. आजारी आहे, कबूल. पण मग ह्याने जास्त वाटा द्यावा, नाहीतर दुसरं घर बघावं. पहिल्या तारखेपर्यंत."

सर्किसने कॉफीचं भांडं उतरवलं. त्याला दुसरं घर नव्हतं. डोंगरापलीकडे झहले गावाला बहीण होती. तिच्याकडे सासूसासरे, चार मुलं आणि एक खोली. त्याने कॉफी तीन कपांत ओतली. रशादच्या कपात वेलदोडा घातला होता, कारण त्याला तशी आवडायची.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी कॉलेजातून भिजून आलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. सर्किस लवकर आला असावा असं वाटलं. ओला कोट खुंटीला लावला आणि सवयीने ओरडलो, "लावू का?"

"थांब जरा," न्हाणीघरातून आवाज आला. शांत. थोडा दमलेला. लॉरेलच्या तेलाच्या हिरव्या साबणाचा वास येत होता.

मी खुर्चीत बसून राहिलो. अंग काकडत होतं, पण नियम तो नियम. बऱ्याच वेळाने कुलपात किल्ली फिरली आणि सर्किस आत आला. काखेत पावांची पिशवी, टोपीवर पाऊस.

"रशाद आलाय का?" मी विचारलं.

"खाली भेटला. भाजीवाल्याशी... नाही, फळवाल्याशी भांडतोय. का?"

मी न्हाणीघराचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. फरशी मात्र ओली होती, आणि आरशावर वाफ धरलेली.

हे मी त्या दोघांना सांगितलं. रशाद हसला. "मास्तर, पुस्तकं कमी वाचा. ह्याला वाचवायला भुतं कशाला आणता?" पण त्याचं हसू नेहमीपेक्षा लवकर संपलं, असं मला वाटलं. की हे मी मागाहून जोडलं? सांगता येत नाही.

शेवटी मीच म्हणालो की परीक्षा घेऊ. तिघांनी एका जागी बसायचं. गीझर बंद, शेगडीची वायर काढून टेबलावर ठेवायची, चालू फक्त बैठकीतला दिवा. तरीही खटका पडला तर सर्किसवर आळ नाही, आणि त्याची खोली त्याचीच. रशादला नको होतं. "कशाला पोरखेळ," म्हणाला. पण सर्किस पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "मला हवंय. घर माझं जातंय, तुझं नाही."

संध्याकाळची वेळ. सरकारी वीज गेली होती. मी लबने, म्हणजे तिथलं घट्ट दही, आणि ऑलिव्ह काढून ठेवले होते, कुणी हात लावला नाही. शेगडीची वायर टेबलावर तिघांच्या मधोमध पडली होती. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, मग काहीच नाही. मला सर्किसच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

"विचारा की, मास्तर," रशाद म्हणाला. थट्टेने म्हणाला, पण हळू.

मी घसा साफ केला. "लावू का...?"

काही नाही. दिवा जळत होता. रशादने श्वास सोडला आणि हात ऑलिव्हकडे नेला.

"थांब."

न्हाणीघरातून नाही. आमच्या पाठीमागच्या बोळातून, जवळून. रागावून नव्हे. दिवसभर वाट पाहून थकलेला माणूस म्हणतो तसं. त्यासोबत ओल्या साबणाचा वास आला, उबदार, कुणी नुकतंच आंघोळ करून जवळ येऊन उभं राहावं तसा.

मी सर्किसकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. रशादकडे पाहिलं. तो बोळाकडे बघत नव्हता. तो दिव्याकडे बघत होता.

खटका पडला.

अंधारात कुणीच उठलं नाही. ओल्या पायांचा आवाज फरशीवरून येत होता... माझ्या खुर्चीमागून... सर्किसच्या मागून... आणि रशादच्या खुर्चीपाशी थांबला. त्यानंतर जे ऐकलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलो नाही. रशाद कुजबुजत होता. आम्हाला नाही.

"देतो," तो म्हणत होता. "देतो ना... पुढच्या महिन्यात सगळं देतो..."

सर्किसने काडी ओढली. बोळ रिकामा होता. फरशीवर पाणी होतं. रशाद खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याच्या सदऱ्याचा डावा खांदा ओला झाला होता, कुणी हात ठेवावा तेवढा.

"काय देणार आहेस?" सर्किसने विचारलं.

"काही नाही," रशाद म्हणाला. "तुझी खोली तुझीच, भाऊ. मी बोललो ते विसर."

सकाळी तो सामान घेऊन निघून गेला. पुढे आफ्रिकेत, आबिदजानला, मामाच्या दुकानात गेल्याचं कळलं. त्या सकाळी आम्ही खटका वर केला, पण दिवा लागला नाही. त्या संध्याकाळनंतर त्या घरात जनरेटरची वीज आलीच नाही. रशादने जाता जाता जोडणी तोडायला सांगितली असेल, असं आम्ही धरलं. चौकशी करायचं धैर्य दोघांतही नव्हतं. सर्किस खोकत होता. खोली त्याने जिंकली होती आणि तिच्यात झोपायला तो तयार नव्हता. महिना संपायच्या आत मी त्याला टॅक्सीत घालून झहलेला सोडून आलो. बहिणीने दारातच त्याच्या अंगावर शाल टाकली. तो जगला, एवढं चांगलं झालं.

कितीतरी वर्षांनी, एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या मयतीनंतर लोक भेटायला बसले होते, तिथे बिनसाखरेची कॉफी पिताना शेजारच्या म्हाताऱ्याने नाव सांगितलं आणि मी ओळखलं. तो अबू तौफीक होता. मी कुठे राहत होतो ते सांगितल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"तो वरचा मजला?" तो म्हणाला. "एक त्रिपोलीचा पोरगा भाव विचारून गेला होता. पैसे घेऊन येतो म्हणाला, परत आला नाही. सरकारी वीज नसताना तुमच्या खिडकीत उजेड दिसायचा तेव्हा आम्ही म्हणायचो, ह्यांनी वीज कुणाकडून घेतली असेल बुवा?"

माझा माझ्यावर विश्वास नाही, तसा त्याच्या म्हातारपणावरही ठेवला नाही. त्याच्याकडे तारा ओढणाऱ्या माणसाला शोधून काढलं. इमारतीखालच्या न्हाव्यालाही विचारलं. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, तेच सांगितलं. त्या हिवाळ्यात त्या गल्लीत जनरेटर एकच होता, आणि त्याची तार आमच्या घरापर्यंत कधीच आली नव्हती.