जॉब पर्किसचं गाव

खाडीवर धुकं उतरलं की आमच्या गावात समोरचा माणूससुद्धा ओळखू येत नाही. पण माझ्या संगणकापुढे कोणी परका बसलाय, हे मला वाचनालयाच्या दारातूनच दिसलं.

"उठा," मी म्हटलं. "मंगळवारी सकाळी इथे मी बसते."

त्यानं मान वर केली. केस पांढरे, भुवया मात्र अजून काळ्या... आणि डोळे असे, की कोणीतरी नुकतंच कानात काही गोड सांगून गेलंय.

"नाव लिहिलेलं दिसलं नाही कुठे." बोली थेट इंग्लंडची.

"माझं नाव लिहावं लागत नाही. लव्हिना. माहेरची पर्किस. आमचा जॉब पर्किस पहिल्या गलबतातून उतरला, तेव्हा या वाचनालयाच्या जागी बेडूक ओरडत होते."

"आणि तो जॉब आला कुठून?"

"इंग्लंडहून. सफोक परगण्यातल्या ब्रॅमस्टेडहून."

तो उठला नाही. शेजारची खुर्ची माझ्यासाठी हळूच ओढली.

"मीही ब्रॅमस्टेडचाच," तो म्हणाला. "एडविन कॅचपोल. बसा ना... गाववाल्या बाई."

बसले. आजवर मला बस म्हणायची हिंमत कोणी केली नव्हती, नवरा होता तोवर त्यानंसुद्धा नाही.

एडविन गवताची छपरं शाकारणारा. बायको गेली, गुडघे गेले, मग त्यानं नवाच नाद धरला. चारशे वर्षांपूर्वी त्याच्या गावातून कोण कोण समुद्र ओलांडून इकडे आलं आणि पुढे त्यांचं काय झालं, ते शोधायचं. तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो आता संगणकावर दिसतात, पण आमच्याकडे फुकट बघायचे तर वाचनालयातच.

मग प्रत्येक मंगळवार धुक्यासारखा यायचा, पांढरा, मऊ... कधी सरला कळायचंच नाही. एडविन पडद्यावर बोट ठेवून ती वाकडीतिकडी अक्षरं वाचून दाखवायचा. मी अक्षरं कमी आणि बोट जास्त बघायची. गवत कापून कापून त्याच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

"आमच्या चर्चचा मनोरा जरा कललाय," तो सांगायचा. "जून महिन्यात वाटेवर एल्डरची फुलं येतात. वास असा की..."

"की?"

"तुम्ही आत आलात की येतो तसा."

"मी खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या तळते, कॅचपोल. तो वास तेलाचा."

"मग तेल चांगलं असणार."

घरी सून कोरा म्हणाली, "सासूबाई, वाचनालयात अत्तर लावून कोण जातं?"

"ज्याला नाक आहे तो. तू कढई बघ."

त्या शरदात चौकात पहिल्या रहिवाशांच्या आठवणीचा दगड बसायचा होता. त्यावर कोरायचं होतं, 'जॉब पर्किस, ब्रॅमस्टेड'. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसणारी डॉर्कस व्हिपल उगाच नाक उडवायची, "पुरावा आहे का गं?" म्हणून मी एडविनकडे जॉबच्या बाप्तिस्म्याचं पान छापून मागितलं. तो आज देतो, उद्या देतो करत राहिला. शेवटी एका मंगळवारी त्यानं माझा हात धरला. पहिल्यांदाच.

"लव्हिना... तो दगड कोरू नका."

त्यानं पानं पुढे सरकवली. बाप्तिस्म्याची संपली, दफनाची आली. तिथे होता आमचा जॉब. थॉमस पर्किसचा मुलगा. तीन वर्षांचाही झाला नव्हता.

आमच्याकडे सगळे हीच चूक करतात. बाप्तिस्म्याचं पान सापडलं की नाचत सुटायचं, पुढे दफनाचं पान असतं ते उलटायचंच नाही. कुणीतरी वंशावळ इंटरनेटवर चढवतो, बाकीचे तीच उतरवून घेतात. मीही घेतली होती. आमचा जॉब कुठलातरी दुसराच होता.

"हे कधी बघितलंत?"

"पहिल्याच मंगळवारी."

"आणि मला वेड्यासारखं नाचवलंत?"

"जॉब ब्रॅमस्टेडचा नाही म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या मंगळवारी माझ्याशेजारी कशाला बसल्या असतात?" तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "मला... तुम्ही यायला हव्या होतात."

मी हात सोडवला आणि उठून चालायला लागले.

घरी येऊन पाथरवटाला फोन केला, "गावाचं नाव गाळ. नुसतं जॉब पर्किस कोर." दुपारपर्यंत डॉर्कसच्या कानावर गेलंच. "म्हणजे तुमचा मूळपुरुष आकाशातून पडला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझा कुठून पडला ते बघायला दफनाची पानं उलट, आणि मग माझ्याशी बोल."

दगडाचं दुःख तेवढ्यावर संपलं. तरी कढईतल्या तिसऱ्या करपल्या. कोरानं माझ्या हातातून झारा काढून घेतला आणि कोट पुढे केला.

एडविन बेकरीच्या वरच्या खोलीत राहायचा. दार उघडं होतं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग.

"पळताय?"

"तुम्ही परत तोंड बघाल असं वाटलं नाही."

"तुमचं तोंड बघायला नाही आले." गुडघे दुखत होते, मी पलंगावर टेकले. "त्या लेकराच्या थडग्यावर दगड आहे का?"

"नाही. नुसतं गवत."

"बिचारं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला बायको दिली, अकरा पोरं दिली, समुद्र ओलांडायला लावला... आणि ते तिथेच झोपलंय. मला तिथे जायचंय."

खालून ताज्या पावाचा वास येत होता, खिडकीबाहेर धुक्यात सगळं गाव विरघळलं होतं.

"पण लव्हिना," तो अगदी हळू म्हणाला, "ब्रॅमस्टेड आता तुमचं गाव नाही..."

"तुमचं आहे ना?"